मुकी आहे, बहिरी नाही

बुरुल अडखळते. जिन्यावर अडखळते, उंबऱ्यावर अडखळते, आणि अडखळण्यासारखं काही नसलेल्या सपाट अंगणातही तिचा डावा पाय मध्येच कशात तरी गुंतल्यासारखा थांबतो. लहानपणी तिला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरने पाय दाबून, वाकवून पाहिला आणि सांगितलं, हाडात काही खोट नाही. पण आक-बेल या आमच्या डोंगरातल्या गावच्या माणसांना डॉक्टरची गरज नव्हती. त्यांना कारण ठाऊक होतं. बुरुलचा पायबंद कुणी कापला नव्हता.

आमच्याकडे मूल पहिलं पाऊल टाकायला लागलं की काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचा पिळलेला दोरा त्याच्या दोन्ही पायांना बांधतात, घोड्याला चरायला सोडताना बांधतात तसा. मग गल्लीतली पोरं लांबून धावत सुटतात, पहिलं येईल ते दोरा कापतं, आणि मुलाला दोन्ही हात धरून चालवतात. काळा आणि पांढरा अशासाठी, की पुढच्या वाटेवर दोन्ही यायचेच. बुरुल उभी राहायला लागली त्याच हिवाळ्यात तिची आई अल्लाघरी गेली. घरात वर्षभर दुखवटा. बाप मेंढरांमागे डोंगरावर. दोरा कोण वळणार आणि पोरांना कोण धावायला लावणार? राहिलं ते राहिलंच.

शाळेच्या शर्यतीत ती एकदा आपटली तेव्हा बरोबरीच्या पोरी ओरडल्या, "अगं, आधी दोरा काप, मग धाव!"

बुरुल गुडघ्याची माती झटकत उठली. "माझ्या पायातला दिसतो ना? मग तुमच्या जिभेलाही एक बांधून घ्या." शर्यतीत ती सगळ्यांच्या मागून आली, पण आली.

लग्न होऊन कुबातच्या घरी आली तेव्हाही उंबऱ्यावरच ठेचकाळली. जमलेल्या बायकांचे हात तोंडाकडे गेले. सासू उमसुनाय आपा मात्र बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "घराच्या आत पडली ना? बाहेर तर नाही पडली? मग बसलात काय, चहा ओता." सासू-सुनेचं जमलं ते त्या दिवसापासून.

अशी ही बुरुल आक-बेलच्या विद्यापीठात रेडिओ शिकवते. सगळे तिला एजे म्हणतात, म्हणजे ताई. विद्यापीठ कसलं, पत्र्याच्या छपराची एक इमारत. हिवाळ्यात पोरी कोट घालूनच वर्गात बसतात. पोरी म्हणायचं, कारण मुलगे बारावी होताच कामाला रशियाची वाट धरतात. त्या पोरींना घेऊन उपग्रह बनवायचा असं बुरुलने ठरवलं तेव्हा गाव पोट धरून हसलं. "आधी वर्गाची शेगडी तरी पेटवा," डीन ताश्तेमिर म्हणाला होता. सगळे त्याला आगाय, म्हणजे मास्तर, म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण वरून आलेल्या फोनला फार भ्यायचा.

उपग्रह म्हणजे काही अजस्र वस्तू नव्हे. चहाच्या पत्र्याच्या डब्याएवढी पेटी. तिने फार मोठं काम करायचं होतं असंही नाही. आमच्या डोंगरांवरून जाताना तिने टिट्-टीट् असा आवाज द्यायचा आणि स्वतः किती गार, किती गरम ते सांगायचं. दऱ्याखोऱ्यांतल्या शाळांतल्या मुलांनी छपरावर चढून साध्या हातातल्या अँटेनाने ते ऐकायचं. आकाशात आपल्या गावची एक वस्तू फिरते आणि ती आपल्याशी बोलते, एवढं मुलांना कळलं तरी पुरे, असं बुरुलचं म्हणणं. पोरींनी तिचं नाव ठेवलं पाकोळी.

पाकोळीला पोलादाच्या लवचिक पट्ट्या होत्या, सुताराच्या मोजपट्टीसारख्या. एका अंगाची जोडी ऐकायची, दुसऱ्या अंगाची बोलायची. वर जाताना त्या अंगाशी दुमडून नायलॉनच्या बारीक दोऱ्याने बांधायच्या. वर पोचल्यावर पेटीतली एक तार क्षणभर तापते, नायलॉन वितळतो आणि पट्ट्या ताडकन उघडतात.

पाकोळी गेली ती दूर देशातून, दुसऱ्यांच्या अग्निबाणात बसून. इकडे सगळे विद्यापीठाच्या छपरावर जमले. आपांनी परातभर कणकेचे बोरसोक तळून पाठवले होते. पाकोळीची डोंगरांवरून यायची वेळ झाली. बुरुलने कानांना हेडफोन लावले.

नुसती खरखर.

त्या फेरीत नाही, पुढच्या फेरीत नाही, त्या आठवड्यात नाही. बोरसोक पाखरांनी खाल्ले. दुसऱ्या देशांतल्या हौशी रेडिओवाल्यांनाही विचारून झालं. कुणालाच ऐकू आली नाही.

बुरुलने हिशेब मांडला. बोलायच्या पट्ट्या अडकल्या असाव्यात. पण ऐकायच्या जोडीचा दोरा वेगळा होता, ती उघडली असू शकते. म्हणून ती प्रत्येक फेरीला वर साद घालायची, पट्ट्या पुन्हा उघड अशी आज्ञा पाठवायची, आणि मग खरखर ऐकत बसायची.

गावाला आयता विषय मिळाला. बाजारात कसाई सुरा घासत विचारायचा, "काय एजे, आज काय म्हणाली तुमची पाकोळी?"

"म्हणाली, आक-बेलचा कसाई हाडं जास्त घालतो. वरून सगळं दिसतं म्हणाली."

शेजारचं गिऱ्हाईक हसलं. कसायाने मुकाट्याने एक हाड काढून घेतलं.

पण घरी आल्यावर तिचा चेहरा उतरायचा. एकदा आपा दुपारची नमाज आटोपून जानमाजेवरच बसल्या होत्या आणि बुरुल दाराशी बूट काढता काढता तशीच उभी राहिली.

"आपा, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं हो. काहीच उत्तर नाही."

आपांनी तसबीहची माळ गुंडाळली. "मी रोज पाच वेळा बोलते. मला कधी चिठ्ठी आलेली पाहिलीस?"

"ते वेगळं, आपा."

"वेगळंच आहे. अल्ला कुठे आणि तुझी पेटी कुठे. तौबा. पण बोलणाऱ्याचं काम बोलायचं, एवढं मला कळतं. बूट काढ आता, गार हवा येतेय."

उन्हाळा सरत आला तशी आगायची चाल सुरू झाली. विद्यापीठाच्या छपराचा पत्रा बदलायचा होता, आणि आमच्याकडे ते काम पहिल्या बर्फाच्या आत व्हायला लागतं. छपरावरची मोठी अँटेना उतरवावी लागणार. एकदा उतरवली की वसंतापर्यंत ती चढणार नाही, आणि तोवर बुरुलची खोली हिशेबनीसांना गेलेली असणार. वरून विचारणा आली होती, उपग्रहाचं काय झालं? आगायला उत्तर द्यायचं होतं. त्याने एक कागद तयार केला. उपग्रह निकामी झाला, काम संपलं. खाली बुरुलची सही हवी.

तो कागद घेऊन आगाय स्वतः खोलीत आला. पोरी सोल्डरिंगच्या टेबलाशी चहा पीत होत्या. बेगायम नावाची त्यांच्यातली थोरली, कमी बोलणारी, कपात साखर ढवळत होती.

"सही कर बुरुल. सन्मानाने संपवू या."

"मी जिवंताचा जनाजा पढत नाही, आगाय."

"जिवंत आहे कशावरून?"

"मेली कशावरून?"

"बोलत नाही म्हणून!"

"मुकी आहे," बुरुल म्हणाली. "बहिरी नाही. मुक्या लेकराला कुणी पुरत नाही."

"बहिरी नाही हे तुला कुणी सांगितलं? तिनेच?" आगाय स्वतःच्याच विनोदावर हसला. कुणीच साथ दिली नाही तेव्हा तो चिडला, आणि मनातलं ओठांवर आलं. "गावात काय बोलतात ऐकलंयस? तुझाच पायबंद कुणी कापला नाही, तुझ्या लेकीचा कोण कापणार? आईसारखी लेक, पहिल्याच पावलाला—"

"कापला होता!"

बेगायम उभी राहिली होती. हातातला कप तिने इतक्या जोरात ठेवला की चहा टेबलभर सांडला. "पाकोळीचा पायबंद आम्ही कापला होता, आगाय! रीतसर कापला होता!" आणि बोलून गेल्यावर तिचा हात आपसूक तोंडावर गेला.

बुरुलने हळूच विचारलं, "काय कापलात?"

मग एकेक बाहेर आलं. पेटी बंद होऊन परदेशी जायची त्याच्या आदल्या दिवशी, बुरुल जेवायला गेली असताना, पोरींनी काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा आणला. बेगायमच्या आजीने वळून दिलेला. हातमोजे घातले, तोंडाला फडकी बांधली, आणि पाकोळीच्या दुमडलेल्या पट्ट्यांवरून दोरा गुंडाळला. मग व्हरांड्याच्या टोकापासून शर्यत लावली. बेगायम पहिली आली. तिने कापला. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवून दुवा मागितली.

"दोरा सगळा काढलात?"

"काढला, एजे. म्हणजे... काळा सगळा सापडला. तो आम्ही जपून ठेवलाय." कंपासच्या डबीतून तिने काळ्या लोकरीचे तुकडे काढून दाखवले. "पांढरा एक पदर... आम्हाला वाटलं झाडताना गेला."

"वाटलं?"

बेगायमच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "तुम्ही अडखळता ना, एजे. तिने अडखळू नये म्हणून केलं."

बुरुलचा चेहरा पांढराफटक झाला. इतक्या वर्षांत पोरींनी तिला असं पाहिलं नव्हतं. "आयुष्यभर लोकांनी माझ्या पायात जो दोरा पाहिला," ती म्हणाली, "तो तुम्ही आकाशात पाठवलात. माझ्या पोरींनी!" आणि दार आपटून बाहेर पडली.

जिन्यावर ती अडखळलीच. कठडा धरून तिथेच पायरीवर बसली. वरून आगायचा आवाज येत होता, "लोकर! उपग्रहात लोकर! हे बाहेर कळलं तर जग हसेल आपल्याला!" एक पोरगी मुसमुसत होती. बुरुल डाव्या पायाकडे पाहत राहिली. शर्यत लावणारी ती पोरं तिच्या वाट्याला आली नव्हती. आज कळत होतं की कुणीतरी धावलं होतं. तिच्यासाठी नाही तरी तिच्या लेकीसाठी, आणि लेकीचं नाव करून तिच्याचसाठी. रागही जात नव्हता आणि रडूही आवरत नव्हतं. बराच वेळ तिने दोन्ही येऊ दिले.

मग तिच्या डोक्यात दुसरंच काही चमकलं. नायलॉन वितळतो. लोकर वितळत नाही.

ती उठून वर आली. "बेगायम, डोळे पूस. आजीकडचा तसलाच दोरा घेऊन ये. धावत."

पाकोळीची एक जुळी बहीण लॅबमध्ये होती, तालमीसाठी बनवलेली. बुरुलने तिच्या पट्ट्या नायलॉनने बांधल्या, मग पांढऱ्या लोकरीचा पदर बोलायच्या जोडीवरून, राहिला असेल तसा आडवा घातला. तार तापवली. नायलॉन चटकन गेला. ऐकायची जोडी ताडकन उघडली. बोलायची जोडी जागच्या जागी, एका पांढऱ्या पदराने धरून ठेवलेली.

पोरींनी एकमेकींचे हात धरले. आगायसुद्धा पुढे झुकला.

"पुन्हा," बुरुल म्हणाली. "आता तार सोडायची नाही. तापू दे."

लोकर आधी नुसती पिवळी पडली. मग करपली, आणि सणाच्या आधी अंगणात मेंढीची मुंडी भाजताना येतो तसा वास खोलीभर पसरला. आगायने नाकाला रुमाल लावला. पदर काळा झाला, भुगा झाला, आणि पट्टी उघडली ती आगायच्या चष्म्यापासून बोटभर अंतरावर.

पण तेवढा वेळ तार तापवायची तर पाकोळीची उन्हावर भरणारी बॅटरी जवळजवळ रिकामी व्हायची. तारेला आपली आपण थांबवणारी अट पोरींनीच घातली होती, बॅटरी जपण्यासाठी. ती अट काढायची आज्ञा द्यावी लागणार. बॅटरी पार संपली तर पाकोळी परत जागी होईलच असं नाही. म्हणजे आजवर ती मेली असं फक्त लोक म्हणत होते. आता मेली असती तर बुरुलच्या हाताने.

आगायने हे बरोबर हेरलं. "उद्या कुणी विचारलं तर? जबाबदारी कुणाची?"

"माझी."

"तसं लिहून दे."

बुरुलने निकामी झाल्याचा तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, की उपग्रह जिवंत आहे असं समजून मी ही आज्ञा देत आहे. खाली पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. "घ्या. सही पाहिजे होती ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच पत्रेवाले छपरावर चढले. आकाश शिशासारखं झालं होतं. कधी विद्यापीठात न आलेल्या उमसुनाय आपा त्या दिवशी शाल लपेटून आल्या आणि खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या. पाकोळी डोंगरामागून, ढगांपलीकडच्या उन्हात, वर आली तेव्हा बुरुलने आज्ञा पाठवली. एकदा, दोनदा, ती डोंगराआड जाईपर्यंत. खाली खरखरच. आपांचे ओठ हलत होते.

"झालं?" आगायने विचारलं.

"सांगितलं तिला. आता बॅटरी भरेपर्यंत तिला उन्हात फिरू दे."

"मुकादम थांबणार नाही, बुरुल. बर्फ येतोय."

आणि मुकादम खरंच थांबला नाही. दुसऱ्या दिवशी पाकोळीची फेरी यायच्या आधीच छपरावरून मोठी अँटेना उतरली. दोरखंडाला लटकत ती खाली येताना पोरी व्हरांड्यात रांगेने उभ्या होत्या, मयताला उभं राहावं तशा. बुरुल त्यांच्यात नव्हती. मुलांसाठी बनवलेली हातातली अँटेना, एका काठीवर मोजपट्टीचे तुकडे ठोकलेली, तिने उचलली आणि शिडी चढायला लागली.

मुकादम वरून ओरडला, "एजे, वर येऊ नका! पत्रा ओला आहे, घसराल!"

"मी जन्मभर घसरतेच आहे. तुझा पत्रा मला काय नवीन दाखवणार?"

बेगायम मागोमाग रेडिओ घेऊन चढली. पहिला बर्फ भुरभुरायला लागला होता. हातोडे ठणठणत होते. बुरुलने अँटेना दक्षिणेच्या कड्याकडे धरली, जिथून पाकोळी यायची.

"हातोडे थांबवा!"

"एजे, आमचं काम—"

"हातोडे थांबव म्हणते ना!"

हातोडे थांबले. खरखर. बर्फाचे कण अँटेनाच्या पट्ट्यांवर बसत होते. बुरुलने काठी किंचित फिरवली, आणि खरखरीच्या तळातून, विहिरीच्या तळातून कुणी हाक मारावी तसं, आलं. टिट्-टीट्. टिट्-टीट्-टिट्.

बेगायमने रेडिओ छातीशी घट्ट धरला. "एजे! एजे, तीच!"

"ओरडू नकोस. ऐक काय म्हणतेय."

पाकोळी सांगत होती की तिला फार थंडी वाजतेय. नाव सांगत होती, पुन्हा थंडी सांगत होती, पुन्हा नाव. पत्रेवाले हातोडे खाली ठेवून ओळीने उभे होते, जणू नमाजच उभी राहिली होती. मुकादमाने हळूच विचारलं, "ही आपल्या गावची?" आणि उत्तराची वाट न पाहता खाली ओरडला, "आगाय! ती मोठी अँटेना परत वर पाठवा! नव्या पत्र्यावर बोल्ट मारून देतो, वसंत कशाला हवा!"

अँटेना त्याच दिवशी परत चढली. खाली शिडी धरून ताश्तेमिर आगाय उभा होता, टोपीवर बर्फ साचेपर्यंत. त्याने विचारलं तेव्हा एवढंच विचारलं, "अहवालात काय लिहायचं? आपण लिहू, तांत्रिक कारण. लोकर-बिकर नको."

"लोकरच लिहायचं."

"हसतील, बुरुल."

"हसू देत. लिहा, आमच्याकडची रीत आहे, आणि आमच्याच चुकीने पदर राहिला. हेही लिहा, की आम्हीच तो जाळला." मग पोरींकडे वळून ती म्हणाली, "पुढच्या पेटीचाही पायबंद कापायचा. मी बघायला उभी राहणार, शर्यत लावायची. पण दोरा नायलॉनचा. काळा-पांढरा नायलॉन, आणि कापल्यावर एकेक तुकडा माझ्या हातावर ठेवायचा."

पोरी हसायला लागल्या, रडता रडता.

संध्याकाळी घरी शेजारणी जमल्या. गावभर बातमी झाली होती. कुणी घोडीच्या दुधाचा कुमीस आणला, कुणी मटण. त्यातल्या एकीने शालीतून काळ्या-पांढऱ्या लोकरीचा नवा वळलेला दोरा काढला. हसत होती, पण गंभीर होती. "बुरुल, ये. आज तुझाही कापून टाकू. इतक्या वर्षांचं राहिलंय. गल्लीतली पोरं बाहेर धावायला तयार आहेत."

आपांनी सुनेकडे पाहिलं. "तुझी इच्छा, पोरी. मी काही बोलणार नाही."

बुरुलने दोरा हातात घेतला, बोटांत फिरवला, आणि घडी करून शेजारणीच्या हातावर परत ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझा लोकरीचा आहे. लवकर वितळणारा नाही." आणि चहा आणायला उठताना उंबऱ्यावर अडखळली, सावरली, आणि आत गेली.